बहिणीचं वजन

मी लिहावं एवढी माझी योग्यता नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरातून कॉलेजला जाणारा मी पहिलाच, आणि परीक्षेची उत्तरं सोडली तर आजवर काही लिहिलेलं नाही. चुकलंमाकलं सांभाळून घ्या. पण माझ्या बहिणीबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही, म्हणून लिहितो.

आमचं गाव डोळखांबच्या वर, डोंगराच्या अंगाला. बहीण तिसरीत असताना शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांना तिच्या छातीत वेगळाच आवाज ऐकू आला. मुंबईच्या हॉस्पिटलात कळलं, काळजाला भोक आहे. ऑपरेशन फुकट होणार होतं. पण तिचं वजन सतरा किलो होतं. "अंगात ताकदच नाही. वीस किलो होऊ दे," डॉक्टर म्हणाले. नुसता भात नको, डाळ, दूध, अंडी, मासे द्या, असंही त्यांनी सांगितलं. परतताना हे सगळं मी आईला पुन्हा समजावलं. ती मान हलवत होती.

घरी पोचल्यावर ती चुलीकडे वळलीच नाही. थेट गावदेवीला गेली आणि नवस बोलून आली. ऑपरेशन नीट पार पडेपर्यंत पोरगी मासळी-अंड्याला तोंड लावणार नाही.

बहिणीला सुकट फार आवडायची. तव्यावर टाकली की वासाने चुलीपाशी येऊन बसायची. म्हणूनच आईने नेमकं तेच निवडलं. देवीला द्यायचं तर आवडतं द्यावं, नावडतं काय द्यायचं? मला आजही यात खोट काढता येत नाही. तरी त्या दिवशी मी बोललो.

"आये, तिला तेच खायाला सांगितलंय गो."

"देवीशी बोलले मी. आता शब्द फिरवू? आनि पोरीला काय झालं मंजे?"

आमच्याकडेच राहणारी आत्या भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "चार बुकं शिकला, आता देवीला शिकवाया निघाला."



मग आई तिच्या ताटात भाताचा डोंगर करायची. कुळथाचं पिठलं, वालाचं कालवण, मूठभर शेंगदाणे, जे असेल ते बाजूला. पण बहिणीला जेवतानाही धाप लागायची. चार घास खाऊन भिंतीला टेकून बसायची. शाळेत खिचडीबरोबर अंडं असे, त्या दिवशी ती केळं मागून घ्यायची. एकदा मी हळूच म्हणालो, "शाळेत खाल्लंस तर कोनाला कळनार हाय?"

"देवीला नाय कळनार?" ती म्हणाली. "मग ऑपरेशन बिघडलं तर तू भरून देशील का रे दादा?"

वजन करायला बाबा तिला भाताच्या गिरणीवर नेत. पोती मोजायच्या काट्यावर ती चप्पल काढून उभी राही. गिरणीवाला चेष्टा करायचा, "रिकामीच गोनी आनली का आज?" ती म्हणायची, "काटाच खोटा हाय तुमचा. आमचा तांदूळ पन कमीच भरतो." सगळे हसायचे. बाबा हसत नसत. काटा थोडा पुढे सरकायचा आणि एखाद्या तापात पुन्हा मागे यायचा.

मधे हॉस्पिटलातून तपासणीला बोलावणं आलं. बाबा गेले नाहीत. "वजन भरलं नाय, काय तोंड घेऊन जायचं?" म्हणाले. शिकवलेला धडा पाठ झाला नाही म्हणून पोरं शाळा चुकवतात, तसं काहीसं ते होतं.

पुढच्या पावसाळ्यात बहीण शाळेच्या चढावर दोन-तीनदा बसू लागली. ओठ निळसर दिसायचे. आम्हाला वाटलं, गारठ्याने. एका संध्याकाळी आत्याच आईवर खेकसली. "नवस तू बोललीस ना? मंग तोंड पोरीचं कशाला बांधलंस? सोताचं बांध की!"

 सकाळी आई नारळ घेऊन देवीला गेली आणि पोरीचा नवस आपल्या अंगावर घेतला, तोही जन्मभरासाठी.

त्या दिवशी आत्याने चिंबोऱ्यांचं, ओढ्यातल्या खेकड्यांचं कालवण केलं. बहिणीने नांगी हातात धरली, आईकडे पाहिलं. "नक्की ना गो आये?" आई म्हणाली, "खा." आणि स्वतः भाकरीवर मिरची घेऊन बसली. नंतर रोज अंडं, कधी ओढ्याचे मासे, कधी सुकट. पोरगी खरंच भरू लागली. गाल वर आले. भात कापणी उरकल्यावर गिरणीचा काटा विसाला टेकला, आणि गिरणीवाल्याने तिला गुळाचा खडा दिला.

हॉस्पिटलात न्यायच्या दिवशी माझी परीक्षा होती, म्हणून मी कॉलेजपाशी शहापूरलाच राहिलो. दिवसभर बाबांचा फोन बंद लागत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. बोलली बहीण.

"दादा, त्यांच्या काट्यावर पन वीस! वीसच्या वर थोडं!"

मग बाबांनी फोन घेतला. ते तिच्यापासून बाजूला गेले असावेत, तिचा आवाज मागे पडत गेला.

"ऑपरेशन नाय करनार म्हनतात," ते म्हणाले. "फुप्फुसात रक्ताचा दाब लय चढलाय. आता भोक बुजवलं तर पोरगी टेबलावरच जाईल. आधी आनायला पायजे होती म्हनले." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "तिला सांगितलं नाय अजून."