ब्रिटिश पाहुणे आणि माझी सत्यप्रत

चहा ओतून घ्या आधी, कारण मध्ये थांबलो तर पुन्हा हे सांगायचं धैर्य मला होणार नाही. हसायला हरकत नाही. घरचे गेला महिनाभर हसतच आहेत.

मी स्वभावाने काळजी करणारा माणूस. धातू वारंवार ताण पडून कसे तुटतात, यावर माझी पीएचडी आहे. माणसं कशी तुटतात ते सुधाला, म्हणजे माझ्या बायकोला, विचारा. निवृत्त झालो आणि अमेरिकेतल्या ईडन प्रेरीच्या या घरात काळजीला पूर्ण वेळ मिळाला.

तर झालं असं. माझी थोरली बहीण, ताई, आणि भाऊजी गेली पन्नास वर्षं इंग्लंडात, लेस्टरला. दोघांचे पासपोर्ट ब्रिटिश. त्यांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आला. ताईची एकच इच्छा. समुद्रकिनाऱ्यावर, त्या दिवशीच्या सूर्योदयाला, सगळ्यांचा एकत्र फोटो. "नंदू, तू हवासच," ती फोनवर म्हणाली. "लग्नाच्या फोटोत तू नाहीस. परीक्षा होती म्हणून आला नव्हतास."

पन्नास वर्षं मनात ठेवलं होतं हो तिने!

कॅरिबियनमधलं एक बेट ठरलं. नाव सांगत नाही, नाहीतर तुम्ही आत्ता फोन काढून नियम तपासाल. आमचा मुलगा फ्रीमाँटहून बायकोमुलांना घेऊन परस्पर येणार होता. ताई-भाऊजी आधी आमच्याकडे येणार, मग आम्ही चौघं मिळून जाणार.

आणि मी संगणकावर एक पान उघडलं. ब्रिटिश प्रवाशांसाठी त्या बेटाचे प्रवेशाचे नियम.

परतीचं तिकीट हवं. राहण्याचा पुरावा हवा. ऑनलाइन फॉर्म आधी भरलेला हवा. पासपोर्टची मुदत पुरेशी हवी. आणि शेवटी, साध्या अक्षरात, पासपोर्ट खराब झालेला असेल तर प्रवेश नाकारला जाऊ शकतो. बस! माझी झोप गेली.

"भाऊजी, तुमचा पासपोर्ट कसा आहे?"

"मजेत आहे. तुझा कसा आहे?"

"चेष्टा नको. फाटलाय का? भिजलाय का?"

"मागच्या पानावर लोणच्याच्या तेलाचा डाग आहे. कैरीचं. तुझ्या बहिणीचंच."

मला घाम फुटला. बाहेर बर्फ पडत होता आणि मला घाम! त्या डागाचे मी सगळ्या कोनांतून फोटो मागवले. प्रकाशात धरून, सावलीत धरून, शेजारी पट्टी ठेवून. नवीन पासपोर्ट काढा म्हणून रोज फोन केले. शेवटी ताईने फोन घेतला. "नंदू, या डागासकट आम्ही स्पेन फिरून आलो, तुझ्या अमेरिकेत येतोय. तुला काय तो डाग चाटून बघायचाय?"

आता तुम्ही म्हणाल, त्यांची काळजी त्यांना करू द्यायची. अहो, पण ताईला विमानतळावरून परत पाठवलं तर? पन्नास वर्षांनी जमलेला फोटो एका कैरीपायी हुकला तर?

ते दोघं आले. मी त्यांच्या हातात फायली ठेवल्या. आपली पद्धत तुम्हाला ठाऊक आहेच. कागद म्हटला की तीन झेरॉक्स, त्यावर 'सत्यप्रत' आणि खाली सही. पुण्यात कॉलेजात असताना लागलेली सवय, चाळीस वर्षं अमेरिकेत राहूनही सुटलेली नाही. शिवाय एकाची फाइल हरवली तर? म्हणून प्रत्येकाच्या फायलीत चौघांच्याही पासपोर्टच्या सत्यप्रती.

भाऊजींनी फाइल हातात तोलून पाहिली. "डॉक्टरसाहेब, आपण बेटावर चाललोय की बेट विकत घ्यायला?"

निघायची सकाळ उजाडली. शेवटचं म्हणून मी फायली पुन्हा चाळल्या, तर ताईच्या फायलीत माझ्याच पासपोर्टची झेरॉक्स पुसट! मग काय, प्रिंटर चालू केला, नवी काढली, सही ठोकली, फायलीत घातली. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. शेजारची रश्मी आम्हाला सोडायला आली होती. मूळची नागपूरची, आयटीत आहे, आमच्या घराची जादा किल्ली तिच्याकडे असते. "काका, चला न लवकर, रस्ते घसरडे आहेत!"

विमानतळावर आम्ही इतक्या लवकर पोचलो की काउंटरसुद्धा उघडायचा होता. उघडल्याबरोबर मी पुढे झालो. "मॅडम, हे दोघे ब्रिटिश नागरिक आहेत. ही परतीची तिकिटं. हा फॉर्म. हा हॉटेलचा कागद. आणि पासपोर्टवरच्या डागाबद्दल मला थोडं स्पष्टीकरण द्यायचंय."

"कसला डाग?" तिने विचारलं. पासपोर्ट मशीनवर ठेवला, बोर्डिंग पास काढला, "हॅव अ लव्हली टाइम!" ताईचंही तसंच. सुधाचंही तसंच. फाइल कोणी उघडलीसुद्धा नाही! मला हायसं वाटायला हवं होतं. खरं सांगू? थोडं वाईटच वाटलं.

"आणि तुमचा, सर?"

मी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. मग दुसऱ्या. मग शर्टाच्या.

"यू नो, आत्ता इथे होता," मी म्हणालो.

तिथून पुढचा तासभर... काय सांगू! बॅगा जमिनीवर उघडल्या. सुधाने नातवंडांसाठी केलेले बेसनाचे लाडू, माझी लोकरीची कानटोपी (हो, बेटावर! संध्याकाळी वारा सुटला तर?), सगळं लोकांच्या पायात. आणि अचानक माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भाऊजी! लग्नात यांनी स्वतःच स्वतःचे बूट लपवून सगळ्यांना शोधायला लावलं होतं, ही गोष्ट घरात प्रसिद्ध आहे.

"भाऊजी, पुरे झाली गंमत. द्या माझा पासपोर्ट."

"माझ्याकडे? अरे, शपथ!"

"ताई, सांग ना यांना!"

भाऊजींनी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, सगळे खिसे उलटे करून दाखवले. एक रुमाल, ॲसिडिटीची गोळी आणि माझ्या प्रिंटरजवळचं एक पेन निघालं.

प्रिंटरजवळचं.

प्रिंटर!

रश्मीला फोन लावला. "पोरी, घरात जा आणि प्रिंटरचं झाकण उचल."

तिच्या बुटांचा आवाज, किल्लीचा आवाज, मग, "बाप्पा! काका, हा तर इथंच पालथा पडून आहे न!"

ती लगेच निघाली. पण बर्फ वाढला होता, फ्रीवेवर एक ट्रक आडवा झाला होता, आणि जो वेळ हातात होता तो मी भाऊजींचे खिसे तपासण्यात घालवला होता. इकडे मी काउंटरवर सत्यप्रत ठेवली. सही दाखवली. तिथेच दुसरी सही करून दाखवली, तंतोतंत जुळत होती.

"सर, धिस इज अ कॉपी."

"ट्रू कॉपी," मी म्हणालो.

"कोणी प्रमाणित केलीय?"

"मीच."

तिने माझ्याकडे जसं पाहिलं ना, तसं मी कधीकाळी नापास विद्यार्थ्यांकडे पाहत असे.

मी सुधाकडे वळलो. मनात होतं, ही म्हणेल, मीही थांबते. ती म्हणाली, "मी जाते. दोघांनी मुकायचं काय कारण? लाडू माझ्या बॅगेत घाला." ताईने माझ्या कोटाचं बटण लावलं आणि म्हणाली, "तेव्हा परीक्षा होती. आता काय, ओपन बुक होतं ना रे?"

ते तिघं ब्रिटिश-अमेरिकन प्रवासी आत गेले. रश्मी पोचली तेव्हा काउंटर बंद झाला होता. पुढचं विमान दुसऱ्या दिवशीचं आणि फोटो त्याच दिवशी पहाटे, म्हणजे सूर्योदय गेलाच.

दुसऱ्या दिवशी मावळतीला मी बेटावर उतरलो. तिथल्या अधिकाऱ्याने पासपोर्टवर शिक्का मारला आणि म्हणाला, "एकटेच?" एवढाच प्रश्न!

हॉटेलवर सगळे वाळूत बसले होते. मान खाली घालून ताईजवळ गेलो. "ताई, चुकलो गं. पुन्हा तुझ्या फोटोत मी नाही."

"कोण म्हणतं नाहीस?" तिने फोन पुढे केला.

मागे लाल समुद्र. गळ्यात हार घातलेले ताई-भाऊजी. शेजारी सुधा, मुलगा, सून, नातवंडं, सगळे हसताहेत. आणि ताई-भाऊजींच्या मधोमध, वाऱ्याने उडू नये म्हणून दोघांनी दोन कोपरे धरलेला एक कागद. त्यावर मी. काळापांढरा, कपाळाला आठ्या, खाली 'सत्यप्रत' आणि माझी सही. निघताना घाईत काढून ताईच्या फायलीत घातलेली प्रत. अजिबात पुसट नव्हती!

"छान आलायस," भाऊजी म्हणाले. "ओरिजिनल असता तर मध्येच ओरडला असतास, लाट येतेय, लाट येतेय."

"खरंच," सुधा म्हणाली. "लग्नानंतर पहिल्यांदाच प्रवासात हे इतके शांत होते."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सगळ्यांना उठवून, माझ्यासकट, पुन्हा फोटो काढायला लावला. कानटोपी घालून उभा राहिलो, वारा होता. तोही चांगला आला. पण ताईने लेस्टरच्या घरात मोठा करून लावलाय तो पहिलाच. मी फोनवर तक्रार केली, "अगं, मी स्वतः उभा आहे तो फोटो लाव ना!"

"तो राहू दे तुझ्याकडे," ताई म्हणाली. "तीन झेरॉक्स काढून ठेव. आणि नंदू, झाकण उचलायला विसरू नकोस."