पहिली चीर

यमुनाकाकू माझ्या दारात यायच्या तेव्हा त्यांच्या कडेवर कोहळं असायचं आणि हातात सुरी. अनोळखी माणूस दचकलाच असता. मी शाळेत मास्तर होतो आणि नेपियर टाउन नावाच्या मोहल्ल्यातल्या एका कौलारू घरात त्यांच्या शेजारची खोली घेऊन नुकताच राहायला आलो होतो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "मास्तरजी, एक चीर देता का? बाकी मी पाहून घेते."

लाल भोपळ्याला आमच्याकडे कोहळंच म्हणतात. अख्खं कोहळं बाईनं कापायचं नाही, पहिली सुरी पुरुषानं चालवायची, असा रिवाज. काकूंचा नवरा कधीच गेला होता. एकुलता एक मुलगा वामन फौजेत मोटार चालवायला गेला, तो लढाईत बर्म्याकडे होता. म्हणून चिरायला मी.

बाजारातून कापलेली फोड आणली असती तर माझी सुटका झाली असती. पण जाण्याआधी वामननं कौलांवर वेल चढवला होता, आणि त्याचंच बी धरून काकू दर वर्षी नवा वेल लावायच्या. खाटेखाली कोहळ्यांची रांग असायची. एक कापलं की निम्म्या गल्लीत फोडी जायच्या, आणि संध्याकाळी मला पोळीशी वाटीभर भाजी मिळायची.

ती भाजी मी नंतर कुठे खाल्ली नाही. तेलात मेथीदाणे, हिंग, सुकी मिरची, सालासकट मोठ्या फोडी, उतरवताना आमचूर. गुळाचा खडा टाका म्हटलं तर म्हणाल्या, "कोहळं जातीनं गोड. त्याले अजून गूळ काहून?" पाण्याचा थेंबही घालत नसत. "आपल्याच पाण्यात शिजते ते. घाई केली की बुडाशी लागते." वामनचं पत्र लांबलं की स्वतःलाही त्या हेच सांगायच्या.

पत्रं मीच वाचून दाखवायचो. मग ती यायची थांबली. त्याच दिवसांत एकदा मी शाळेतून डोकं उठून घरी आलो, पेपरांचा गठ्ठा तपासायचा होता, आणि काकू कोहळं घेऊन उभ्या. माझा तोल गेला. म्हणालो, "काकू, भाजीला काय कळतंय बाई की पुरुष? चिरा तुम्हीच. काही होत नाही."

त्या रागावल्या नाहीत. उंबऱ्यावर बसल्या आणि हळू म्हणाल्या, "मास्तरजी, कोहळं म्हणजे घरातलं थोरलं पोरगं. मायनं त्याच्यावर सुरी कशी चालवाची? अन् मले तर एकच आहे. तो तिथं गोळ्यांत फिरून राहिला, अन् मी इथं हे करू?"

मी चीर दिली, पण तोंड वाकडं करून. त्यांनी ते पाहिलं असणार, कारण पुढे महिनाभर त्या आल्या नाहीत.

मग एका संध्याकाळी वाटी घेऊन आल्या. भाजी नेहमीचीच होती, फोडी मात्र वेड्यावाकड्या, काही जाड, काही चिरडलेल्या. माझ्या ध्यानात आलं आणि मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. मास्तरकीचा आनंद. मी म्हणालो, "बघा, चिरलंत ना तुम्हीच? झालं का काही?"

"नाही जी," त्या म्हणाल्या. "आता काय होते."

कमरेची घडी सोडून त्यांनी एक कागद काढला. तार होती. "डाकवाल्यानं दुपारी सांगितलं. पण वामनचं सगळं तुम्हीच वाचता ना. चलो, हेही वाचून द्या."

मी वाचली. तीन ओळी इंग्रजीत होत्या, त्यांचं मराठी करायला मला फार वेळ लागला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, तार परत कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "खा. निवून राहिली भाजी."

पुढच्या वर्षी कौलांवर वेल नव्हता. काकूही भावाकडे अमरावतीला गेल्या, परत भेट नाही.

आज माझा संसार आहे, थोरला मुलगा आहे. बायको शिकलेली, हे सगळं मानत नाही. घरी कोहळं आलं की सुरी उचलते. मी कितीही दमून पडलेला असलो तरी उठतो आणि म्हणतो, "थांब, पहिली चीर मी देतो."