दिग्रसच्या पुढे चढलेला काटा

बाबांची जुनी मोटार माझ्या लग्नाच्याही आधीची. गोल दिव्यांची, कारबुरेटरवाली. पुसदला आमच्या अंगणात टिनाच्या शेडखाली ती वर्षानुवर्षं उभी आहे. बाबांना लकवा मारला, डावी बाजू गेली, बोलणं तुटक झालं, तेव्हापासून तिच्याकडे मीच बघते. प्लग साफ करणं, टायमिंग लावणं, हे सगळं त्यांच्याच हाताखाली शिकले होते.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तिला एक खोड लागली होती. अंगणात तासभर चालू ठेवा, तापमानाचा काटा मधोमध. रस्त्यावर जरा वेग घेतला की वर चढायला लागायचा. मी रेडिएटर धुऊन घेतला, थर्मोस्टॅट बदलला, टायमिंग पुन्हा तपासलं. हवेच्या मानाने पेट्रोल कमी मिळालं तरी इंजिन तापतं, म्हणून कारबुरेटरचा स्क्रूही थोडा फिरवून पाहिला. अंगणात सगळं ठीक दिसत होतं. त्यामुळे बाबांनी गाडीकडे बोट दाखवून "बोरी... बोरी" म्हटलं, तेव्हा मी नाही म्हणू शकले नाही. बोरी अरबला माझी आत्या राहते. आजारपणानंतर बहीणभावाची भेट झाली नव्हती, आणि बाबांना जायचं होतं ते त्यांच्याच गाडीतून.

बाबा माझ्या शेजारी, आई मागे. दिग्रसपर्यंत काही झालं नाही. गाव मागे पडलं, रस्ता मोकळा मिळाला आणि मी वेग वाढवला. थोड्याच वेळात काटा हलला. मी आईला काही सांगितलं नाही. वेग कमी करून पाहू म्हणेपर्यंत काटा लाल पट्ट्याला टेकला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली.

गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं तरी आत खदखद चालूच होती. मग पेट्रोलचा वास आला.

वाफेची मला भीती नव्हती. वाफ काय, थांबलं की निवते. पण रस्त्याच्या कडेचं गवत वाळून कोळ झालं होतं, गाडी त्यातच उभी होती, आणि बाबांच्या बाजूचं दार आतून उघडत नव्हतं. त्याचा खटका कधीचाच गेला होता.

"आई, उतर. लवकर उतर, पर्स राहू दे."

"काहून? काय झालं?"

"उतर म्हटलं ना."

मी फेरा मारून बाबांचं दार बाहेरून उघडलं. त्यांच्या काखेत हात घातले. निर्जीव डावा पाय सीटखाली अडकला होता, तो निघता निघेना. समोर बॉनेटखाली काहीतरी टपटपत होतं. मला वाटलं, आता भडका होईल आणि मी यांना अर्धंच बाहेर काढलेलं असेल. बाबांनी उजव्या हाताने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की नखं रुतली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. या माणसाला उभ्या आयुष्यात या गाडीला कधी घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांचे डोळे फाटले होते.

आईने खाली वाकून त्यांचा पाय दोन्ही हातांनी सोडवला. आम्ही दोघींनी त्यांना ओढत, उचलत एका निंबाखाली नेलं. आई त्यांना धरून बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू त्या गाडीजवळ जाऊ नको. जळू दे तिले."

पण भडका झाला नाही. बऱ्याच वेळाने मी जवळ गेले आणि फडक्याने बॉनेट उचललं. उष्णतेने कारबुरेटरमधलं पेट्रोल उकळून बाहेर आलं होतं, ते आता थांबलं होतं. रेडिएटरच्या झाकणाला मी हात लावला नाही. हात ठेवता येईल इतकं सगळं निवल्यावर, पेट्रोलचा वास पूर्ण गेल्यावर, जाड फडकं गुंडाळून ते हळूहळू खोललं आणि प्यायला आणलेलं पाणी ओतलं. इंजिन चालू केलं. काटा पुन्हा मधोमध, अंगणात असायचा तसाच.

वेगात काय होतं ते उभ्या गाडीत पाहायचं होतं. त्यासाठी कुणीतरी ॲक्सिलरेटर दाबायला हवा होता.

"माह्याच्यानं नाही होत," आई म्हणाली. "मले गाडीतलं काय समजते?"

"गिअर काढलेला आहे, ब्रेक ओढला आहे. गाडी हलणार नाही. फक्त उजवा पाय दाब, मी थांब म्हटलं की सोड."

ती आली. दार उघडं ठेवून, सीटच्या टोकावर बसली. उतरून पळता यावं म्हणून. तिने पाय दाबला, इंजिन घुमलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत रेडिएटरच्या खालचा रबरी पाइप चोखलेल्या आंब्यासारखा चपटा झाला. थांब म्हटल्यावर पुन्हा फुगला. या पाइपात एक स्प्रिंग असते, तो आत ओढला जाऊ नये म्हणून. ती गंजून विरली असणार. वेग वाढला की पंप जोरात पाणी ओढायचा, पाइप मिटायचा आणि पाणी फिरायचंच थांबायचं.

म्हणजे हळू चालवली तर पाइप मिटणार नव्हता. बाबांना परत गाडीत बसवताना त्यांनी दाराची चौकट धरून ठेवली. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. "बाबा, हळू जातो आपण. दार मी लोटून फक्त दोरीनं बांधते, ओढली की सुटेल." दारव्ह्यामार्गे बोरीपर्यंत आम्ही सायकलच्या वेगाने गेलो. तिघंही त्या काट्याकडे बघत होतो.

आत्या दारातच उभी होती. बाबा तिला पाहून रडले. भेटीचं रडणं होतं ते, असं तिला वाटलं. आम्ही काही सांगितलं नाही.

परत येताना बाबा आणि आई आत्याच्या मुलाच्या गाडीतून आले. मी आमची गाडी तशीच हळूहळू पुसदला आणली, नवा पाइप स्प्रिंगसकट बसवला, दाराचा खटका बदलला, एकटीने वाशीम रस्त्याला जोरात फिरवून आणली. काटा जागचा हलला नाही. घरी येऊन बाबांना सांगितलं, "झाली दुरुस्त." त्यांनी मान हलवली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर त्यांनी गाडीत बसायचं कधी नाव काढलं नाही, आणि चला म्हणायचं धाडस मलाही झालेलं नाही.