उर्वशी मॅडमनं लिहून दिलेला अर्थ

उर्वशी अलोणे आमच्या कोरपन्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायची आणि शेजारच्या वर्गात मी गणित. मधली भिंत पातळ, म्हणून तिचं शिकवणं मला रोज ऐकू यायचं. नवा शब्द फळ्यावर लिहिला की ती मुलांना म्हणायची, "लगेच पाठ नका करू. काऊन असं म्हणतात, ते आधी विचारा."

या 'काऊन'पायी तिनं बरंच सोसलं होतं. आई इंदुताई लोकांच्या वावरात कापूस वेचायची आणि उर्वशी एसटीचा पास काढून चंद्रपूरच्या कॉलेजात जायची. पहिल्याच वर्षी सरांनी सांगितलं, धो धो पाऊस आला की इंग्रज म्हणतात, कुत्री आणि मांजरं पडताहेत. उर्वशी उभी राहिली. "सर, कुत्रे-मांजरच काऊन?" वर्ग हसला. प्रश्नाला नाही, 'काऊन'ला. सर म्हणाले, "बस खाली. आधी मराठी तरी धड बोल." ती बसली नाही. तास संपेपर्यंत तशीच उभी राहिली. त्या दिवसापासून तिनं इंग्रजीतले वाक्प्रचार वहीत जमवायला घेतले, ते एम.ए. होईपर्यंत थांबली नाही.

दोन वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका सिमेंट कारखान्यात नवं यंत्र बसवायला फ्रान्सहून एतियेन नावाचा इंजिनिअर आला. पन्नाशीचा, उंच, शांत माणूस. त्याचं इंग्रजी पुस्तकी, व्याकरणाला पक्कं. पण मीटिंगमध्ये साहेब लोक बोलायचे ते सगळं आडवळणाचं. जरा दमानं घ्या या अर्थी कुणी 'होल्ड युअर हॉर्सेस' म्हणालं की हा विचारात पडे, इथं घोडे कुठून आले? शेवटी कारखान्यानं आमच्या शाळेत विचारणा केली आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी उर्वशी त्याला शिकवायला गेस्ट हाऊसवर जाऊ लागली.

पहिल्याच दिवशी तिनं त्याला एक कोरी वही दिली आणि सांगितलं, ऐकलेलं प्रत्येक आडवळणाचं वाक्य यात लिहायचं. कोण म्हणालं, कधी, कशावरून, तेही लिहायचं. त्याशिवाय अर्थ लागत नाही.

दोघांचं बोलणं इंग्रजीत चाले. कुत्र्यामांजरांचा विषय निघाला तेव्हा एतियेन म्हणाला, "आमच्या फ्रेंचमध्ये दोरखंड पडतात." उर्वशी म्हणाली, "आमच्याकडं मुसळं." मुसळ म्हणजे काय हे तिनं हातानं कांडून दाखवलं. तो बराच वेळ हसत राहिला. मग म्हणाला, "आणि आमचा माणूस चक्कर येऊन पडला, तर तो सफरचंदांत पडतो." दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मला हे सांगताना उर्वशीचा चेहरा उजळला होता. "भाऊ, एवढा मोठा इंजिनिअर, पण विचारायले लाजत नाई. असा विद्यार्थी मले अजून भेटला नव्हता."

दिवाळीच्या सुमारास एका संध्याकाळी त्यानं बसताच वही पुढं सरकवली. त्या दिवसाच्या तारखेखाली एकच वाक्य होतं : 'डोन्ट रॉक द बोट'. म्हणणारे, त्याच्या विभागाचे प्रमुख.

"बोट हलवू नका म्हणाले," एतियेन म्हणाला. "कारखान्याची बोट आहे का? पैनगंगेवर?"

"कशावरून म्हणाले?" उर्वशीनं विचारलं.

त्यानं सांगितलं. कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या कडेनं एक दोरी बांधलेली असते. काही अडलं-अडकलं की ती ओढायची, पट्टा जागच्या जागी थांबतो. आदल्या दिवशी ठेक्यावर झाडू मारणारी मंगली नावाची बाई तिथं खाली सांडलेला कोळसा गोळा करत होती. तिची बाही पट्ट्यात गेली. तिनं दोरी ओढली, पट्टा थांबला नाही. दुसऱ्यानं धावत जाऊन बटण बंद केलं म्हणून हात वाचला. कोपरापासून खाली सगळी कातडी सोलून निघाली. एतियेननं हे डोळ्यांनी पाहिलं होतं. मीटिंगमध्ये त्यानं दोरीचा विषय काढला, तेव्हा प्रमुख हसून म्हणाले होते, तपासणीवाले येऊन जाईपर्यंत बोट हलवू नका.

उर्वशीनं पाण्याचा घोट घेतला आणि अर्थ सांगितला. सगळं सुरळीत दिसतंय ना, मग बोलून गडबड करू नका. दिसलं ते दिसलं नाही म्हणा.

एतियेन एकदम ताठ बसला. "अच्छा! आमच्याकडं 'लाटा उठवू नका' म्हणतात." मग वही बंद करत म्हणाला, "हे मला माझ्या देशातही सांगितलं गेलंय."

त्यानं कारखान्याच्या मुख्य कार्यालयाला पत्र पाठवलं. दोरी बंद आहे, बाईचा हात सोलला आहे, अमुक तारखेला अमुक साहेबांनी मला बोट हलवू नका असं सांगितलं आणि त्याचा अर्थ मी माझ्या शिक्षिकेकडून नीट समजून घेतला आहे. वहीच्या पानाचा फोटोही जोडला.

चौथ्या दिवशी उर्वशीला कारखान्यात बोलावणं आलं. कार्मिक विभागाचे साहेब नागपूरकडचे, गोड बोलणारे. त्यांनी चहा मागवला.

"मॅडम, त्या वाक्प्रचाराचा अर्थ 'घाई करू नका' असाही होतो ना?"

"नाई होत."

"परदेशी माणूस, गैरसमज झाला त्याचा. तुम्ही फक्त लिहून द्या, की शिकवताना माझ्याकडून अर्थ चुकीचा सांगितला गेला. कारखान्याच्या शाळेत कायमची जागा निघणार आहे. तुमचं नाव माझ्या डोक्यात आहे."

"आणि त्या बाईचा हात?"

"ते आम्ही बघू. तुमचा विषय इंग्रजी आहे."

"मंग इंग्रजीच लिहून देते," उर्वशी म्हणाली. "कागद द्या."

तिनं कागदावर तो वाक्प्रचार लिहिला. खाली अर्थ लिहिला. खाली, शाळेत लिहितो तसं, 'वाक्यात उपयोग' असा मथळा देऊन लिहिलं : 'मंगलीचा हात पट्ट्यात गेला, तेव्हा बोट हलवू नका असं सांगण्यात आलं.' सही केली, सहीखाली एम.ए. लिहिलं, मोबाइलवर फोटो काढला आणि कागद साहेबांच्या हातात दिला. चहा तसाच राहिला. बाहेर पडताना गेटवरच्या माणसानं तिचा आत येण्याचा पास काढून घेतला.

हे सगळं कळल्यावर मी तिला जे म्हणालो त्याची मला आजही लाज वाटते. म्हणालो, "देऊन टाकायचं ना लिहून. दोन ओळींनी काय बिघडतं?"

तिनं माझ्याकडं शांतपणे पाहिलं. "भाऊ, तीन अन् चार आठ, असं लिहून द्यान का तुमी? कायमची जागा भेटली तर?"

मे महिन्यात आमच्या शाळेनंही तिची वर्षाच्या करारावरची नेमणूक पुढं वाढवली नाही. शाळेची नवी खोली कारखान्यानं बांधून दिली होती, एवढं सांगितलं तरी पुरे. हेडमास्तरांनी तिला माफीचं पत्र सुचवलं. तिनं त्यांच्याकडं कारण लेखी मागितलं. ते अजून मिळालेलं नाही.

पण त्याआधीच, पत्रानंतर महिन्याभरात, पट्ट्याला नवी दोरी लागली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मुख्य कार्यालयातून आलेल्या माणसानं ती स्वतः जागोजागी ओढून पाहिली. एतियेनचं काम संपायला दोन महिने होते. गेस्ट हाऊसवरची शिकवणी बंद झाली, तसा तो रविवारी काळीपिवळीतून उर्वशीच्या घरी येऊ लागला. इंदुताई त्याला ज्वारीची भाकर आणि झुणका वाढायच्या. "तिखट लागते का, इचार त्याले," त्या म्हणायच्या. तो नाकाडोळ्यांतून पाणी गाळत नाही म्हणून मान हलवायचा.

एतियेन गेल्यावर रविवार रिकामा राहिला नाही. हाताची मलमपट्टी सुटल्यावर मंगली आली. "बाई, कारखान्यात लाल अक्षरात काय काय लिहून ठेवते, ते मले वाचता आलं पाहिजे," म्हणाली. पुढच्या रविवारी तिच्यासोबत आणखी चौघी होत्या. घर पुरेना, म्हणून उर्वशीनं बुद्धविहाराच्या ओसरीवर वर्ग हलवला. फलक, पास, ठेकेदार अंगठा घेतो ते फॉर्म, हीच पुस्तकं.

मागच्या महिन्यात कारखान्याचा एक सुरक्षारक्षक ओसरीपाशी येऊन उभा राहिला. कोण कोण येतं त्यांची नावं हवी होती. बायकांनी वह्या मिटल्या. उर्वशीनं त्याच्याकडून कागद-पेन मागून घेतलं, सगळ्यात वर आपलं नाव लिहिलं आणि कागद मंगलीकडं दिला. मंगलीनं वेळ घेतला, पण लिहिलं. मग तिच्या शेजारणीनं पेनसाठी हात पुढं केला.

रक्षक उन्हात उभा होता. कागद भरेपर्यंत त्याला थांबावं लागलं.