आरशातली बाई

माझ्या मोठ्या काकांनी एकतीस वर्षं एकाच रस्त्यावर बस चालवली. आमच्या गावातून सकाळी सहाला निघायचं आणि तीनशे किलोमीटरवरच्या शहरात दुपारी एकला पोचायचं. ते मिनिटभरही इकडेतिकडे होत नसत. डेपोत सगळे त्यांना 'घड्याळ' म्हणायचे आणि त्यांना ते आवडायचंही. पुढे त्यांची मुलगी, म्हणजे आमची ताई, नोकरीसाठी त्याच शहरात राहायला गेली.

निवृत्तीनंतर तिसऱ्या महिन्यात काकांनी जाहीर केलं, की ते ताईकडे सायकलने जाणार.

"एकतीस वर्षं तोच रस्ता बघितलात, पोट भरलं नाही का?" काकूंनी विचारलं.

"बसमधून खड्डे दिसतात गं, रस्ता दिसत नाही."

"आता गुडघेही दिसतील," असं म्हणून काकूंनी त्यांच्या पिशवीत मलमाची ट्यूब कोंबली.

तीन दिवसांचा बेत होता. शनिवारी दुपारी एकला दारात हजर, असं त्यांनी ताईला कळवलं. पहिला दिवस मजेत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरून वारा सुटला आणि पाठोपाठ पाऊस आला. पाऊस म्हणजे काकांसाठी इतकी वर्षं वायपरचं एक बटण होतं. आता तो मानेवरून पाठीत उतरत होता. खांद्यावर रेनकोट टर्रकन फाटला. त्यातच एका फाट्यापुढे नदीचा पूल बंद होता. तिथल्या रस्ता कामगाराने हात आडवा केला.

"पाणी चढलंय. वर जुना पूल आहे, वळसा घालून जा."

"किती वेळ लागेल?"

त्याने काकांना आपादमस्तक न्याहाळलं. "ते तुमच्यावर आहे."

पाच किलोमीटरचा कच्चा रस्ता होता. चिखल मडगार्डमध्ये इतका भरायचा की चाक फिरेना. काका काडीने तो उकरत, सायकल ढकलत चालले. जुन्या पुलाजवळच्या वस्तीत पोचायला त्यांना दीड तास लागला. तिथे एका शिवणकामाच्या दुकानात दिवा दिसला. आतल्या टेलरबाईंनी त्यांना टॉवेल दिला, स्टूल दिलं, आणि त्या एकटक बघत म्हणाल्या, "तुम्ही सकाळच्या बसचे ड्रायव्हर ना?"

काका खूश झाले. "ओळखलंत?"

"न ओळखून काय करू? कितीदा तुमची बस पाठमोरी बघितलीय. शिवणाच्या कोर्सला जायचे मी. इथून फाट्यापर्यंत चालत, आठ चाळीसची बस धरायला. पाऊस असला की चिखलात उशीर व्हायचा. फाटा शंभर पावलांवर आला की तुम्ही गाडी काढायचात."

"असं कितीदा झालं?"

"मोजलं नाही. एकदा मात्र परीक्षा होती."

"मग?"

"पुढच्या वर्षी दिली." त्यांनी फाटका रेनकोट मशीनवर घेतला आणि सुईत दोरा ओवला.

"आत चाळीस माणसं बसलेली असायची हो," काका म्हणाले.

"हो ना. मीही मनाला तेच समजवायचे."

विषय तिथे संपला असता. पण काकांना बसचा आरसा आठवला. त्या आरशात हात हलवत पळणारी, चपला हातात घेतलेली एक मुलगी.

"मला तुम्ही दिसायचात," ते म्हणाले.

मशीन थांबलं. बाईंनी मान वर केली. "दिसायचे? मला वाटायचं, दिसत नसेन."

एवढंच बोलून त्यांनी उरलेली शिवण पूर्ण केली. काकांनी माफी मागितली तेव्हा त्या "असू दे" म्हणाल्या, पण बघत होत्या कापडाकडेच.

पाऊस ओसरल्यावर काकांनी ताईला फोन लावला. "मी रविवारी येतो गं."

"काय झालं? पडलात का?"

"नाही, नाही. उशीर होतोय, इतकंच."

ताई सांगते, त्या फोनने तिला धडकीच भरली होती. रविवारी संध्याकाळी बाबा चिखलाने माखलेले दारात उभे दिसले, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

हे सगळं काकांनी मला बऱ्याच महिन्यांनी सांगितलं. मी म्हणाले, "काका, तुमची ड्युटीच तशी होती." ते माझ्यावर चिडले.

"ड्युटी होती. दोन मिनिटंही होती. पुढच्या उतारावर भरून काढता आली असती."

ताईकडून परत येताना पूल सुरू झाला होता, तरी काका कच्च्या रस्त्याने गेले. पँटची शिवण चेनमध्ये अडकून उसवली होती, तेवढंच निमित्त. ती शिवून होईपर्यंत ते दुकानात बसून राहिले. काय बोललात, असं मी विचारलं. मशीनला तेल कुठलं घालता, मुलगी काय शिकते, असंच काहीबाही, म्हणाले. बाईंनी मुलीची वही दाखवली. अक्षर फार सुरेख होतं, असं ते आजही सांगतात.