सरावाच्या दिवशी आलेला फोन

कराडहून दिल्लीला जाऊन आले, पण लाल किल्ला पाहिला नाही. नोएडात मुलीचं ऑफिस पाहिलं, ते लिहिते.

स्टेशनावर विजू, माझी मुलगी, घ्यायला आली. नोएडात वस्त्यांना नावं नाहीत, सेक्टरांचे आकडे. टॅक्सीवाल्याने विचारलं, "माताजी, पहली बार?" मी म्हटलं, "हां, और खिड़की बंद करो. धूल खाने नहीं आई."

कंपनीच्या, दवाखान्याच्या कॉम्प्युटरांत चोर शिरले की विजूच्या टीमला फोन येतो. आगीला बंबवाले, तसे हे. अशा टीम देशोदेशी आहेत. त्यांतले काहीजण सरावाला आले होते. जेवायला घरच्यांनाही बोलावलं होतं, म्हणून मी गेले.

छोले-कुलचे होते (कुलचा म्हणजे मैद्याची मऊ, जाड रोटी). मैदा मला सोसत नाही, तरी खाल्ला. तुमच्याकडे कसं चालतं, असं मी एकेकाला विचारलं. विजू दोन्हीकडचं सांगत होती. जपानचे गृहस्थ म्हणाले, तिथे पुष्कळ कंपन्यांच्या आपापल्या टीम असतात आणि त्या एकमेकींना धरून राहतात. जर्मनीच्या बाई म्हणाल्या, लोकांची माहिती चोरीला गेली तर ठरल्या वेळेत सरकारला कळवावं लागतं, कायदाच आहे. लोसा नावाची बाई पॅसिफिकमधल्या एका बेटावरची. तिची टीम तीन माणसांची.

"मग रजा कोण घेतं?"

"कोणीच नाही," ती हसली.

जेवणानंतर सराव सुरू झाला. खोटी चोरी, खोटे फोन. मी कोपऱ्यात बसले. मध्येच गाझियाबादच्या एका दवाखान्यातून फोन आला: कॉम्प्युटर बंद पडलेत, पेशंटांची माहिती दिसत नाही. विजूच्या टीममधल्या राकेशने ऐकून घेतलं आणि "सरावातलाच आहे, नंबर आला की बघू," म्हणून बाजूला ठेवला.

लोसाने विजूला विचारलं, "हा फोन तुम्हीच ठरवला होता?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे? आमच्याकडे सराव घ्यायला माणसंच नाहीत. फोन वाजला की तो खराच असतो."

विजूने दवाखान्याला उलट फोन लावला. तिचा चेहरा उतरला. "आई, खरा आहे यार!" मग ओरडली, "चलो, सराव बंद!"

दवाखान्याला तिने आधी नेटच्या तारा काढायला लावल्या. जपानच्या गृहस्थांनी ओळखीच्या टीमना विचारलं, असं कुणी पाहिलंय का. जर्मनीच्या बाई कोट काढून राकेशशेजारी बसल्या. अतिदक्षता विभागाची यंत्रं वाचली. बाकी काम दवाखान्याने काही दिवस हाताने लिहून चालवलं.

निघताना विजू स्टेशनावर म्हणाली, "फोन बाजूला ठेवला होता, हे मी साहेबांना सांगितलं. चिडले."

"चिडू देत. पेशंट तिथे होते, साहेब नव्हते."

घरी आल्यावर एक राहून गेल्यासारखं वाटतं. जपान-जर्मनीत इतके सराव होतात, तर ते खरा फोन कसा ओळखतात? विचारायला हवं होतं. विजूने आपल्या टीमपुरता नियम केलाय: सरावाच्या दिवशी एकाने सरावात भाग घ्यायचा नाही, फक्त खरे फोन घ्यायचे. पहिल्या वेळी तीच बसली. दिवसभर फोन आला नाही.

"बोअर झाले गं आई," फोनवर म्हणाली.

मी म्हटलं, "पगार त्याचाच आहे."