लढाईच्या दिवसांतली हळद

सीमेवर तोफा सुरू झाल्या त्या आठवड्यात आमच्या गावाने जत्रेचा ऑर्केस्ट्रा रद्द केला. बैठक वगैरे काही झाली नाही. देवळापुढे माणसं जमली होती, त्यातलं कोणीतरी म्हणालं, "पोरं तिकडं मरणाच्या तोंडात, आन आपन हितं नाचायचं व्हय?" विषय संपला. पालखीसुद्धा वाजंत्रीशिवाय निघाली. त्या पोरांपैकी एक आमच्या घरचा होता, माझा धाकटा दीर.

पवनानगरहून धरणाच्या काठाकाठाने तिकोणा पेठेकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर आहे. घरासमोर, पाण्याला लागून, मुंबईच्या एका मालकाचा बंगला. तो सांभाळायचं काम माझ्या नवऱ्याकडे आणि पाहुणे आले की स्वयंपाक माझ्याकडे. त्या आठवड्यात बंगल्यावर एका नटीची हळद होती. लग्न लोणावळ्याच्या हॉटेलात, हळद आमच्याकडे. हे सगळं हिवाळ्यातच ठरलेलं. तेव्हा लढाईचं नावही नव्हतं.

ही नटी म्हणजे आमच्याकडे रोज संध्याकाळी घराघरात दिसणारी बाई. मालिकेतली सोशिक सून. डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, सासूला कधी उलट उत्तर दिलं नाही. माझ्या सासूबाईंना, त्यांना मी आत्या म्हणते, तिचं भारी कौतुक. एरवी ती येणार म्हटल्यावर त्यांनी अंगण झाडून काढलं असतं. पण दिराचा फोन लागत नव्हता आणि आत्यांचं कशातच लक्ष नव्हतं. टीव्हीवर बातम्या लागल्या की त्या उठून गोठ्यात जात आणि आवाज बंद झाला की परत येत.

"आत्या, मी नको जाऊ का उद्या कामाला?" मी विचारलं.

"जा. दोघी बसून काय व्हनार हाय?"

नटी आली ती अगदी साधी. स्वयंपाकघरात येऊन ओट्यावर चढून बसली, पिठलं-भाकरी मागितली, ठेचा खाऊन डोळ्यांत पाणी आणलं आणि हसली. मला आवडली. ते आजही लपवत नाही.

दुपारी हळद लागली. पिवळी साडी, मुंडावळ्या, सगळं रीतीप्रमाणे. मग पाहुण्यांचा दुसरा जथा आला आणि डीजे लागला. स्वयंपाकघराच्या फळीवरची भांडी थरथरायला लागली. नटी कपडे बदलून बंगल्याच्या पोहायच्या तलावात उतरली. मित्रांनी बाटल्या हलवून हलवून तिच्या अंगावर फेस उडवला. मी लाडवांचं ताट घेऊन मधून फिरत होते. उन्हं कलली तसे फटाके लागले. समोरच्या डोंगरावरून त्यांचा आवाज उलटून येत होता. नवऱ्याने मालकाला फोन करून आवाज कमी करायचं विचारलं. मालक म्हणाला, पाहुण्यांना काही बोलू नका.

दिवेलागणीला घरी आले तर आत्या ओसरीत उभ्या. हातात फोन.

"बग गं, ह्यावर काय आलंय."

दिराचा फोन येऊन गेला होता. दोनदा. फोन चार्जिंगला लावून त्या ओसरीत बसल्या होत्या, चार हातांवर. समोरच्या दणदणाटात त्यांना घंटी ऐकूच आली नाही. मी लगेच उलटा लावला. बंद. परत लावला. बंद.

आत्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. "वाजला आसंल. मला आयकूच न्हाई आलं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

सकाळी उजाडता उजाडता मी न्याहारीच्या तयारीला बंगल्यावर गेले, तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. नटीच्या मैत्रिणीने आदल्या संध्याकाळी हळदीचा व्हिडिओ टाकला होता. रातोरात तो सगळीकडे गेला. नवरा फोन घेऊन धावत आत आला. व्हिडिओत फटाके होते, बाटल्या होत्या, तलावातली नटी होती आणि तिच्यामागे ताट घेऊन मी. कोणीतरी मला ओळखलं होतं. खाली लिहिलं होतं: जवानाच्या घरची सून इथे लाडू वाटते, लाज वाटत नाही का?

पाहुणे आदल्या रात्रीच लोणावळ्याला हॉटेलवर गेले होते. बंगल्यात नटी, मैत्रीण आणि मी. निघायचं ठरेपर्यंत फाटकावर माणसं जमली. आधी गावातली, मग सोमाटण्याकडून जीप भरभरून आलेली. घोषणा सुरू झाल्या. पहिल्यांदा देशाच्या होत्या, जवानांच्या होत्या. थोड्या वेळाने तिच्या कपड्यांवर आल्या. मग जे शब्द कानावर पडले ते मी इथे लिहिणार नाही. त्यात लढाई कुठेच नव्हती. बोलणाऱ्यांत आमच्या भावकीतले लोक होते, त्यांच्या बायका रोज तिची मालिका बघत.

फाटकाला आतून कुलूप लावून माझा नवरा उभा होता. त्याला मी खिडकीतून बघत होते. दगड आला, दिव्याची काच फुटली. नवरा हलला नाही. "पोलीस निघालेत लोणावळ्याहून," तो लोकांना सांगत होता. "जरा दम धरा."

"तू कुनाच्या बाजूचा?" कोणीतरी ओरडलं. "तुजा भाऊ तितं हाय ना?"

"माजा भाऊ हाय म्हनूनच सांगतोय," तो म्हणाला. पण त्याचा आवाज फाटला होता.

नटी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जमिनीवर बसली होती. हातांची हळद अजून उतरली नव्हती. मैत्रीण एकामागून एक फोन लावत होती. हॉटेलवाल्यांनी लग्न नको म्हणून कळवलं, ते तिथेच कळलं.

"तुमचे दीर तिकडे आहेत, हे काल का नाही सांगितलंत?" नटीने मला विचारलं.

"सांगितलं असतं तर?"

ती हातांवरची हळद नखाने खरवडायला लागली. "माहीत नाही," म्हणाली. "खरंच माहीत नाही."

इतक्यात बाहेरचा गलका एकदम खाली आला. समोरच्या घरातून आत्यांना आणलं होतं. पांढऱ्या शर्टातला एक पुढारी त्यांचा हात धरून लोकांतून वाट काढत होता. "जवानाची आई! वाट द्या, जवानाची आई!" फोन वर झाले. पुढाऱ्याने त्यांच्या हातात काहीतरी कोंबलं. शाईची बाटली होती ती.

नवऱ्याने आईपुरतं फाटक उघडलं. पाय फरशीवर घासत, एकट्याच, आत्या आत आल्या. नटी उठून दारात गेली. लोक फाटकाच्या गजांना चिकटले होते. नटी पाया पडायला वाकली तशा आत्या मागे सरकल्या.

"पाया नगं पडू. शिरेलीत रोज पडतीस."

नटी तशीच अर्धवट वाकलेली राहिली.

"काल माज्या पोराचा फोन आलता," आत्या म्हणाल्या. "तुज्या बाजामुळं मला आयकू आला न्हाई. आता त्येचा फोन बंद हाय. त्यो कुटं हाय, कसा हाय, मला काय म्हाईत न्हाई. तू लगीन कर, न्हाईतर नगं करू. त्या फोनात त्यो काय बोलनार व्हता, ते तू मला कसं देशील, सांग."

आत्यांनी बाटली पायरीवर ठेवली आणि माझं मनगट धरलं. "चल घरी."

फाटकाशी पुढारी आडवा आला. "मावशी, असं कसं? कॅमेऱ्याम्होरं बोला दोन शब्द. अख्खा देश बगतोय."

"बगू दे. मला फोनपाशी बसायचं हाय."

लोकांनी आम्हाला वाट दिली, पण ती आत्यांना दिली होती, मला नाही. माझ्या पाठीवर कोणीतरी थुंकलं. मी वळून पाहिलं नाही. आम्ही घरात शिरतोय तोवर मागे आरडाओरडा उठला. फाटक पाडलं होतं. माझ्या नवऱ्याच्या कपाळाला त्यात खोक पडली. पोलीस पोहोचले आणि नटीला डोक्यावर चादर टाकून गाडीत बसवून घेऊन गेले. गाडीच्या काचेवर शाई उडालेली आम्ही ओसरीतून पाहिली.

नंतरचे दिवस फार वाईट गेले. बंगल्यात काम केलं म्हणून अर्धं गाव आमच्याशी बोलेना. उरलेलं अर्धं गाव आत्यांवर चिडलेलं, हाती आलेली बाई त्यांनी तशीच सोडली म्हणून. किराणा दुकानात मी गेले की बोलणं थांबायचं. आत्या जेवत नव्हत्या. फोन त्यांनी खाली ठेवला नाही, आंघोळीला जाताना माझ्या हातात देत.

शेवटी फोन वाजला तेव्हा मी भाकरी थापत होते. आत्यांनी उचलला आणि काही न बोलता माझ्या कानाला लावला. दिराचा आवाज होता.

"वहिनी, आई ठीक हाय ना? त्या दिवशी फोन केलता. आमाला दुसरीकडं हलवत होते. फोन बंद राहील, काळजी करू नका, एवढंच सांगायचं होतं."

एवढंच. ते मी आत्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी पदराने तोंड झाकलं आणि त्या मोठ्याने रडल्या. पहिल्यांदाच.

लढाई थांबली. नटीने हात जोडून माफी मागितल्याचा व्हिडिओ आला. मालिकेत तिच्या जागी दुसरी आली. लग्न कुठेतरी चार माणसांत झालं म्हणतात. बंगला पावसाळाभर बंद राहिला आणि नवरा पवनानगरला जीपवर ड्रायव्हर म्हणून जायला लागला.

भाताची लावणी उरकल्यावर दीर सुट्टीवर आला. त्याला आणायला मी लोणावळ्याला स्टेशनवर गेले होते. येताना जीपमध्ये मी त्याला सगळं सांगितलं, कारण दुसऱ्या कोणाकडून त्याला ते कळू नये असं मला वाटत होतं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "वहिनी, तो व्हिडिओ आमीपन बघितला. नंतर, सगळं थांबल्यावर."

"मग?"

"एकजण लय चिडला. फोन हिसकावून घेतला. त्याचा दोस्त गेला होता." तो खिडकीबाहेर धरणाकडे बघत होता. "बाकीचे म्हणाले, परत लाव. चांगली नाचते."

"आणि तुम्ही?"

"मी तुमाला बघितलं, ताट घेऊन. म्हटलं, घरचे ठीक हायेत."

घर जवळ आलं तेव्हा आत्या रस्त्यावरच उभ्या होत्या. दीर गाडी थांबायच्या आधीच उतरला.